वनस्पती जाणणाऱ्या डॉक्टरचे महाकाव्य : कर्बी यांच्या ‘कालेवाला’विषयी

विल्यम फोर्सेल कर्बी यांनी थेट फिन्निश भाषेतून केलेले ‘कालेवाला’चे इंग्रजी भाषांतर १९०७ मध्ये ‘एव्हरीमन्स लायब्ररी’ या मालेत दोन खंडांत प्रसिद्ध झाले. पुनर्मुद्रित प्रतींच्या रूपात ते आजही विकत मिळते. हे परीक्षण त्या दोन खंडांचे आहे, परंतु ते महाकाव्याच्या अभ्यासकाचे नाही. इंदुरात वनस्पतिशास्त्र शिकवत असताना सियागंजातील काष्ठौषधींच्या दुकानांत विद्यार्थ्यांना घेऊन जाणे आणि मुळ्या, साली, बिया हातात घेऊन ओळखायला लावणे हा माझ्या कामाचाच भाग होता, आणि या ग्रंथाकडे मी त्याच वाटेने आलो. फिनलंडच्या या राष्ट्रीय महाकाव्याचे संकलक एलियास लोनरोट हे व्यवसायाने डॉक्टर होते आणि वनस्पतींचे गाढे जाणकार होते, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांच्या कानावर फारशी आलेली नाही. माझे मत आरंभीच सांगतो. ज्यांना वनौषधींत आणि लोकवैद्यकात मनापासून रस आहे त्यांनी हा ग्रंथ विकत घेऊन वाचावा, आणि जुन्या, सहज मिळणाऱ्या इंग्रजी भाषांतरांपैकी कर्बी यांचेच निवडावे.

लोनरोट यांचा जन्म ९ एप्रिल १८०२ रोजी दक्षिण फिनलंडमधील सम्माती या गावी एका गरीब शिंप्याच्या घरी झाला. ज्या घरांत धान्य पुरत नसे त्या घरांत पाइनच्या झाडाची आतली साल दळून पिठात मिसळण्याची तिकडे रीत होती, आणि अशा भाकरीची ओळख लोनरोट यांना लहानपणीच झाली होती. शिक्षण पैशांअभावी तुटत-जोडत चालले. विद्यापीठात जाण्यापूर्वी हमेनलिन्ना येथील एका औषधालयात त्यांनी उमेदवारी केली, आणि मला वाटते की त्यांच्या पुढील सर्व लेखनाला लागलेले नेमकेपणाचे वळण तिथेच लागले असावे, कारण औषधालयात एका मुळीच्या जागी दुसरी मुळी चालत नाही. १८२२ मध्ये ते तुर्कूच्या विद्यापीठात दाखल झाले. १८२७ च्या भीषण आगीत ते शहर जळाले आणि विद्यापीठ हेलसिंकीला हलवण्यात आले. वैद्यकीय शिक्षण चालू असतानाच १८३१ च्या कॉलऱ्याच्या साथीत त्यांनी रुग्णांची सेवा केली, आणि १८३२ मध्ये डॉक्टरकीच्या पदवीसाठी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय होता फिन लोकांचे मंत्रवैद्यक. ज्या काळात शिकलेला डॉक्टर गावच्या जाणत्याकडे तुच्छतेने पाहत असे, त्या काळात एका तरुण डॉक्टरने त्या जाणत्याचे म्हणणे विद्यापीठासमोर मांडण्याजोगे मानले. लोनरोट यांच्याविषयी मला वाटणारा आदर मुख्यतः येथून सुरू होतो.

१८३३ पासून पुढे सुमारे वीस वर्षे ते कायानी या दूरच्या उत्तरेकडील गावी जिल्हा डॉक्टर होते. तो प्रदेश विस्तीर्ण, विरळ वस्तीचा आणि वारंवार पीक बुडणारा होता, आणि दुष्काळामागून साथी येत. याच वर्षांत पायी, होडीने आणि बर्फावरून त्यांनी फिनलंड-रशिया सीमेवरील करेलिया या प्रदेशातील खेड्यांचे दौरे केले, आर्हिप्पा पेर्त्तुनेन यांच्यासारख्या गायकांसमोर बसून गाणी उतरवून घेतली, आणि १८३५ मध्ये ‘कालेवाला’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. १८४९ ची दुसरी आवृत्ती पन्नास सर्गांची आणि २२,७९५ ओळींची आहे, आणि कर्बी यांनी भाषांतर केले ते या दुसऱ्या आवृत्तीचे.

मात्र केवळ महाकाव्य पाहून लोनरोट समजत नाहीत, म्हणून त्यांच्या इतर लेखनाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. १८३४ मध्ये त्यांनी पीक बुडालेल्या वर्षी गरिबांनी काय खावे याविषयी एक पुस्तिका लिहिली. फिनलंडमध्ये दुष्काळाचे अन्न म्हणून शैवाक, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाच्या जातीची वनस्पती, राखेच्या पाण्यात भिजवून, तिचा कडूपणा काढून भाकरीत घालत असत. १८३९ मध्ये त्यांनी फिन्निश शेतकऱ्यासाठी घरगुती वैद्यकाचे पुस्तक लिहिले. त्या देशात तेव्हा शिकलेल्यांचा व्यवहार स्वीडिश भाषेत चाले आणि राज्य रशियाच्या झारचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत वैद्यकाचे पुस्तक लिहिणे किती मोठे पाऊल होते ते कळते. १८६० मध्ये त्यांचा ‘फ्लोरा फेन्निका’ हा फिन्निश भाषेतील पहिला वनस्पतिवर्णनाचा ग्रंथ आला आणि त्या भाषेतील वनस्पतिशास्त्राची परिभाषा बऱ्याच अंशी त्यातून घडली. १८८० मध्ये, म्हणजे मृत्यूच्या चारच वर्षे आधी, त्यांनी जुन्या मंत्रगीतांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. आपल्याकडे डॉ. वामन गणेश देसाई यांच्या ‘औषधीसंग्रहा’ची पाने ज्यांनी श्रद्धेने उलटली आहेत, त्यांना अशा माणसाची तळमळ वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता प्रत्यक्ष ग्रंथाकडे वळतो. दुसऱ्या सर्गात साम्प्सा पेल्लेर्वोइनेन नावाचा मुलगा उजाड पृथ्वीवर झाडे पेरतो, आणि हा जेमतेम डझनभर ओळींचा भाग मी माझ्या विद्यार्थ्यांना आनंदाने शिकवला असता. टेकड्यांवर पाइन, उंचवट्यांवर फर, रेताड जमिनीत हेदर, खोलगट भागात बर्च, भुसभुशीत मातीत अल्डर, ओलसर जागी चेरी, दलदलीत विलो, खडकाळ भागात ज्युनिपर आणि नदीकाठी ओक असा तो क्रम आहे. कोणते झाड कोणत्या मातीत, किती ओलाव्यात वाढते याचा हा पाठच आहे, आणि तो ज्यांनी रचला त्या अनामिक गायकांनी ती जमीन पायाखाली घातलेली होती. आपल्याकडील औषधी जाणणाऱ्याला यात ओळखीचे चेहरेही भेटतात. युरोपातील ज्युनिपर म्हणजेच आपली हपुषा, जिची वाळलेली फळे सियागंजात हाऊबेर म्हणून मागितली की मिळतात. ओल्या जमिनीत पेरलेल्या विलोंपैकी एक जात युनानी वैद्यकातील बेदमुश्क आहे, जिच्या फुलांचा अर्क उन्हाळ्यात देतात. बर्च आपल्या हिमालयातील भूर्जाच्या कुळातील आहे. इंदूरच्या काळ्या मातीत यांपैकी एकही रुजणार नाही, पण सुकलेल्या रूपात त्यांचे वास आपल्या ओळखीचे आहेत.

याच ठिकाणी भाषांतरांचा फरक स्पष्ट होतो. कर्बी यांच्या आधी, १८८८ मध्ये, अमेरिकेतील जॉन मार्टिन क्रॉफर्ड यांनी शीफनर यांच्या जर्मन भाषांतराच्या आधाराने ‘कालेवाला’ इंग्रजीत आणले होते. त्यांच्या भाषांतरात ओढ्याकाठी ओकऐवजी हॉथॉर्न उगवते. सामान्य वाचकाला याचे काही वाटणार नाही, परंतु याच सर्गात पुढे न उगवणारा आणि मग आभाळ झाकून टाकणारा ओक हाच कथेचा विषय असल्यामुळे, पेरणीच्या यादीतून त्याची ही जागा जाणे मला खटकले. क्रॉफर्ड स्वतः डॉक्टर होते. कर्बी हे लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील कीटकशास्त्रज्ञ होते आणि प्राण्यांची, झाडांची नावे ही बदलता येणारी शोभा नव्हे, तो मजकुराचा कणा आहे, ही जाण त्यांच्या ओळीओळींत आहे.

नववा सर्ग हा माझ्या दृष्टीने या ग्रंथाचा गाभा आहे आणि त्यावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे. आधीच्या, आठव्या सर्गात वृद्ध गायक वैनामोइनेन होडी तासत असताना त्याच्या गुडघ्यात कुऱ्हाड घुसते आणि रक्त थांबेनासे होते. तो एका म्हाताऱ्या जाणत्याच्या घरी जातो. रक्त थांबवायचे तर जखम करणाऱ्या लोखंडाची जन्मकथा माहीत असली पाहिजे, कारण ज्याचे मूळ सांगता येते त्यावर ताबा चालतो, अशी त्या लोकांची धारणा होती, आणि लोनरोट यांच्या प्रबंधाच्या विषयाचे मर्मही हेच आहे. वैनामोइनेन ती कथा सांगतो: लोखंड मुळात निरुपद्रवी होते, लोहार इल्मारिनेनने त्याला पाणी देण्यासाठी, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कठीण करण्यासाठी, मधमाशीकडे मध मागितला, पण ते ऐकून गांधीलमाशीने मधाऐवजी सापाचे आणि इतर प्राण्यांचे विष आणून त्या पाण्यात टाकले, आणि तेव्हापासून लोखंड माणसावर उलटले. हा भाग कर्बी यांनी फार सुंदर उतरवला आहे. कीटकांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या माणसाने मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्यातील हा भेद किती प्रेमाने लिहिला असेल, असा विचार वाचताना माझ्या मनात आला.

रक्त थांबल्यावर मलम करण्याचे काम म्हातारा आपल्या मुलाला सांगतो, आणि येथे कवितेचा सूर पूर्ण बदलतो. मलमाच्या द्रव्यांत यारो ही वनस्पती नाव घेऊन सांगितली आहे आणि तिला हजार शेंड्यांची म्हटले आहे. बारीक चिरलेल्या पानांमुळे शास्त्रीय नावातही ‘मिलेफोलियम’, म्हणजे हजार पानांची, असे वर्णन वाहणारी ही वनस्पती युरोपभर जखमेवर वापरली जात आली आहे, ती काश्मीरच्या बाजूला उगवते, आणि युनानी औषधे विकणाऱ्या अत्तारांकडे बिरंजासिफ या नावाने मिळते. क्रॉफर्ड यांच्या ओळींत नुसत्या कोवळ्या, गुणकारी वनस्पती आहेत, ओळख पटेल असे हे नाव नाही. कर्बी यांनी ते जपले, आणि माझ्यासारख्या वाचकासाठी या एका शब्दाने भाषांतराची निवड पक्की झाली.

मुलगा ओकच्या फांद्या आणि साल घेतो, निरनिराळ्या वनस्पती घालतो आणि तीन रात्री भांडे उकळतो. मग तो मलम तपासतो. ते सिद्ध झालेले नसते. तो दूरच्या प्रदेशांतून जाणत्यांनी आणलेल्या आणखी वनस्पती घालतो आणि पुन्हा, या वेळी नऊ रात्री, उकळतो. एवढ्यानेही तो समाधानी होत नाही. शेताच्या कडेला उभे असलेले ॲस्पेनचे झाड तो मोडतो, मोडलेल्या जागी मलम लावतो, झाड सांधले जाते आणि पूर्वीपेक्षा देखणे दिसू लागते. त्यानंतर तो फुटलेल्या खडकांवर ते लावून पाहतो, आणि मगच ते मलम माणसापर्यंत पोहोचते. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदग्रंथात स्नेहपाकाची, म्हणजे औषधी तेल-तूप शिजवण्याची, जी लक्षणे सांगितली आहेत, कल्काची, म्हणजे त्यात घातलेल्या वाटलेल्या औषधांच्या गोळ्याची, बोटांत वात वळली पाहिजे, विस्तवावर टाकल्यास तडतड आवाज येता कामा नये, ती शिकलेल्या कोणालाही हा मुलगा आपल्याच पाकशाळेतला वाटेल. झाड आणि खडक सांधले जाणे ही कविकल्पना आहे, परंतु औषध रुग्णाला देण्यापूर्वी ते सिद्ध झाले आहे की नाही हे दोनदा, तीनदा पाहण्याची शिस्त ही कल्पना नाही. विसाव्या सर्गात लग्नासाठी बार्लीची बिअर आंबवतानाही हीच रीत दिसते. फेस यावा म्हणून आधी शंकूफळे, मग अस्वलाची लाळ वापरून पाहिली जाते, दोन्ही निष्फळ ठरतात, आणि शेवटी मधमाशीने आणलेल्या मधाने काम होते. पंधराव्या सर्गात मेलेल्या लेम्मिनकाइनेन या वीराचे तुकडे त्याची आई दाताळ्याने मृतांच्या लोकातील नदीतून गोळा करते, आणि मधमाशीला तीनदा मलम आणायला पाठवते. जवळच्या कुरणातला मध पुरेसा ठरत नाही, नऊ समुद्रांपलीकडचाही ठरत नाही. चाळीस-पंचेचाळीस सर्गांच्या सुमाराचा भाग मला कथेच्या दृष्टीने थोडा सैल वाटला, तरी पंचेचाळिसावा सर्ग वगळू नये. त्यात शूळ, गळू, खरूज, प्लेग अशा व्याधी एकाच आईची मुले म्हणून जन्म घेतात आणि कालेवालाच्या लोकांवर सोडल्या जातात, आणि वैनामोइनेन सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवून, वाफेने, लेपांनी आणि प्रार्थनेने त्यांच्यावर उपचार करतो. साथीच्या प्रदेशात डॉक्टरकी केलेल्या माणसाने हा सर्ग जुळवला आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा.

हा उपचारग्रंथ मात्र नाही, आणि तसा तो कोणी वापरू नये हे मला गंभीरपणे सांगायचे आहे. कवितेत द्रव्यांचे प्रमाण नाही, वनस्पतीचे कोणते अंग कोणत्या ऋतूत घ्यावे हे नाही. यारो शेवंतीच्या कुळातील असल्याने काहींच्या त्वचेवर पुरळ उठवते, आणि गरोदरपणात ती टाळावी असे सांगितले जाते. खोल जखम झाली तर रुग्णालय गाठावे. लोनरोट यांनी स्वतः ही सरमिसळ केली नव्हती, म्हणूनच मला ते थोर वाटतात. लोकांचा विश्वास त्यांनी मंत्रगीतांत आणि महाकाव्यात जपला, आणि शेतकऱ्याच्या घरी आजारी माणूस असताना काय करावे हे सांगण्यासाठी वेगळे पुस्तक लिहिले. वनौषधींवर लिहिणाऱ्या आपल्या आजच्या अनेक लेखकांत हा विवेक दिसत नाही, आणि आजीच्या आठवणी, शास्त्राची वचने आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष एकाच परिच्छेदात कालवले जातात, याचे मला दुःख होते.

भाषांतराच्या गुणदोषांविषयी थोडे. मूळ ओळ आठ अक्षरांची आहे, तीत अनुप्रास आहे आणि एका ओळीत सांगितलेली गोष्ट पुढच्या ओळीत वेगळ्या शब्दांनी पुन्हा येते. कर्बी यांनी हीच चाल इंग्रजीत धरली आहे. जात्यावरच्या ओव्या आणि अष्टाक्षरी ज्यांच्या कानात आहेत त्यांना ही लय परकी वाटणार नाही, आणि मोठ्याने वाचल्यास तर ती फारच लवकर अंगवळणी पडते. परंतु चाल सांभाळण्यासाठी कर्बी शब्दांची उलटापालट करतात, भरीचे शब्द घालतात, आणि त्यांची इंग्रजी आज जुनी वाटते. सलग वाचन केल्यास थकवा येतो, म्हणून एका बैठकीत एकच सर्ग वाचणे चांगले. ज्यांना अर्थ अधिक सरळ हवा आहे त्यांच्यासाठी फ्रान्सिस पीबॉडी मॅगून यांचे १९६३ चे गद्य भाषांतर आहे, आणि त्यात लोनरोट यांच्या प्रस्तावनाही भाषांतरित केलेल्या असल्यामुळे ग्रंथालयात मिळाल्यास ते कर्बी यांच्या जोडीला अवश्य पाहावे. कीथ बॉस्ली यांचे १९८९ चे पद्य भाषांतर वाचायला हलके आहे आणि नव्या प्रतीच्या रूपात सहज मिळते.

हिंदीतून वाचू इच्छिणाऱ्यांनी विष्णु खरे यांचे भाषांतर मिळवावे. खरे हे आपल्या इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजचे विद्यार्थी, येथील वृत्तपत्रातही त्यांनी तरुणपणी काम केले, आणि फिन्निश साहित्याच्या सेवेबद्दल फिनलंडने त्यांना ‘व्हाइट रोझ’ हा सन्मान दिला. ज्या गावातून हा माणूस गेला त्या गावातल्या मराठी वाचकांत ‘कालेवाला’ची चर्चा व्हावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

खरेदी करताना एक काळजी घ्यावी लागते. या भाषांतराचा हक्क आता कोणाकडेही नसल्याने मागणीनुसार छापून देणाऱ्या अनेकांनी त्याच्या प्रती बाजारात आणल्या आहेत, आणि त्यांचा दर्जा सारखा नाही. माझ्याकडे आलेल्या अशा एका प्रतीत ओळी एकमेकींना जोडून गद्यासारख्या छापल्या होत्या आणि शेवटच्या टिपा पूर्णपणे गाळल्या होत्या. पद्याची मोडतोड एक वेळ सहन होईल, टिपा गेल्या तर वनस्पतींच्या आणि दैवतांच्या वाचकाचे मोठे नुकसान होते, कारण कर्बी यांच्या स्वतःच्या टिपांसोबत कार्ले क्रोन आणि आइनो मालम्बर्ग या दोन फिन्निश जाणकारांच्या टिपाही तेथे आहेत आणि विशेषनामांचा कोशही आहे. म्हणून प्रत मागवण्यापूर्वी आतली पाने दाखवली असतील तर टिपा आहेत की नाहीत हे पाहावे. जुन्या ‘एव्हरीमन्स’च्या बांधीव प्रती जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे मिळाल्यास त्यांनाच प्राधान्य द्यावे, अक्षर बारीक आहे पण कागद आणि बांधणी टिकाऊ आहे. दोन्ही खंड प्रोजेक्ट गुटेनबर्गवर टिपांसह विनामूल्य उपलब्ध आहेत. पहिल्या खंडात पंचवीस सर्ग येतात, त्यामुळे झाडांची पेरणी, लोखंडाची जखम, आईची मधमाशी आणि बिअरचे आंबवणे हे सर्व त्यात मिळते. एकच खंड विकत घेणे शक्य असेल तर तो घ्यावा आणि दुसऱ्या खंडातील पंचेचाळिसावा सर्ग तूर्त संगणकावर वाचावा.